पाहिलंय, ऐकलंय की वाटतंय

अंगठ्यावर काहीतरी टेकलं आणि माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. खाली पाहिलं तर कुबडीचं टोक. टोक रबराचं होतं, पण त्यावर एका चांगल्या भरभक्कम बाईचा सगळा भार होता आणि माझ्या पायात उघडी चप्पल. "अगं बाई, लागलं का गं?" असं म्हणत ती माझ्याकडे वाकली, आणि वाकण्यासाठी तिने कुबडीवर आणखी जोर दिला, त्यामुळे मला त्याच जागी पुन्हा लागलं. मी "नाही नाही, काही नाही" म्हटलं. मला लागलं की मी नेहमी हेच म्हणते. बस उभीच होती. बाईच्या मागून गळ्यात हात अडकवलेला एक माणूस चढला, त्याच्यामागे पायाला प्लास्टर घातलेली मुलगी आणि तिचा हात धरलेली तिची आई, आणि मग चाकांची खुर्ची, जिला ड्रायव्हरने स्वतः खाली उतरून मागून ढकललं. ही सगळी माणसं मागच्या दाराने आत आली, कारण घडी उलगडून रस्त्यावर टेकणारी फळी फक्त मागच्या दाराला असते. पुढचं दार उघडं होतं आणि तिथून कुणीच चढलं नाही. मी अंगठा दाबून धरला होता. दुखणं कमी व्हायची वाट पाहताना माणूस कुठेतरी टक लावतो, तशी मी मागच्या दाराच्या वर टक लावून बसले होते. तिथे शर्टाच्या बटणाएवढा एक काळा डोळा आहे. तो चढणारे-उतरणारे मोजतो. मी त्याच्याच पुढच्या खोलीत नोकरी करते असं म्हटलं तरी चालेल, कारण त्याने मोजलेलं सगळं शेवटी माझ्या टेबलावर येतं. कंडक्टर नसलेल्या बसमधल्या ध्वनिमुद्रित आवाजाने थांब्याचं नाव सांगितलं. दार बंद झालं आणि बस निघाली. आणि ते नाव काल संध्याकाळी मीच नकाशावर लाल रंगात रंगवलं होतं.

लाल म्हणजे बंद. शहरातल्या बस कुठून कुठे जाव्यात, कुठे थांबाव्यात, हे ठरवणाऱ्या ऑफिसात मी नवीन आहे, अजून कायमही झालेले नाही. ठरवतो खरं तर शहाणा. शहाणा हा आमचा प्रोग्राम. त्याचं खरं नाव लांबलचक आणि इंग्रजी आहे, ते कुणी घेत नाही. "शहाण्याला विचार", "शहाण्याचं काय म्हणणं आहे", "शहाणा आज रुसलाय", असं दिवसभर चालतं. या थांब्यावर चढणारे शून्य आणि उतरणारे तुरळक, तेव्हा बसने इथे वळू नये, नव्या रस्त्याने सरळ जावं, असं शहाण्याचं म्हणणं होतं. आज मॅडमच्या खोलीत त्यावर शिक्कामोर्तब व्हायचं होतं. थांबा एका केंद्राच्या मागच्या फाटकाशी आहे. मोडलेली, लुळी पडलेली माणसं तिथे पुन्हा चालायला शिकतात. येताना ती दुसऱ्या बसने मोठ्या फाटकाशी उतरतात आणि व्यायाम संपवून, दमून, मागच्या फाटकातून बाहेर पडतात. हे सगळं मला त्या सकाळी, एका अंगठ्याच्या बदल्यात, त्या बाईकडून कळलं. आईचा चष्मा दुरुस्तीला टाकायचा नसता तर मी त्या बसमध्ये बसलेच नसते. शून्य. मी पुन्हा दाराच्या वरच्या काळ्या डोळ्याकडे पाहिलं. हा डोळा इथे होता. त्याच्या खालून आत्ता माणसं गेली. त्याने पाहिली. मग ती गेली कुठे?

पाहिलंय, ऐकलंय की वाटतंय? हे माझ्या आईचं वाक्य. आई कोर्टात लघुलेखक होती. साक्षीदार बोलत असतो आणि आई उतरवून घेत असते, आणि तिने आयुष्यभर एकच गोष्ट पाहिली, की माणूस पिंजऱ्यात उभा राहून छातीठोकपणे जे सांगतो त्यातलं निम्मं त्याने पाहिलेलं नसतं. ती हे घरी घेऊन आली. इतरांच्या आया ऑफिसातून पेनं आणायच्या. आमच्याकडे जेवताना कुणी काही बोललं की आई भाजी वाढता वाढता विचारायची, "पाहिलंयस, ऐकलंयस की वाटतंय?" शेजारचे घर सोडून चाललेत. ऐकलंय. बिस्किटं दादाने संपवली. वाटतंय. दादा म्हणायचा, "आई, हिला वाटतंय म्हणजे तिनेच खाल्लीत." आई गंभीरपणे म्हणायची, "हेही तुला वाटतंयच." एकदा बाबा वैतागून म्हणाले, "अगं, मला भूक लागलीय, हे मी पाहू की ऐकू?" त्यावर आई इतकी हसली की तिला ठसका लागला. वाटणं वाईट असं ती कधीच म्हणाली नाही. वाटलेलं पाहिलं म्हणून खपवू नका, एवढंच तिचं म्हणणं. मला ते इतकं अंगवळणी पडलं होतं की सगळी घरं अशीच असतात असं मी समजत होते. ती तशी नसतात हे मला शाळेत कळलं, आणि चांगलंच कळलं.

आमच्या वर्गाचा फोनवर एक ग्रुप होता. एका संध्याकाळी त्यावर एक व्हिडिओ आला. बंद खोलीत एक माणूस एका लहान मुलाला मारतोय, माणसाची फक्त पाठ दिसतेय, आणि खाली लिहिलंय की हे आपले चित्रकलेचे सर. पाठ कुणाचीही असू शकली असती. सरांची होती तशी मध्यमवयीन, जराशी वाकलेली पाठ. क्षणात सगळ्यांना आठवायला लागलं की सर कसे विचित्रच होते, कसे बघायचे, कसा खडू फेकून मारायचे. सरांनी खडू कधी फेकला नव्हता. मी लिहिलं, "पाहिलंय, ऐकलंय की वाटतंय?" मला त्यात काही विशेष वाटलं नाही, मी जेवता जेवता लिहिलं. मग एकेकाचं यायला लागलं. तुला काय करायचंय, तू त्यांची लाडकी का, मार खाणाऱ्या मुलाचं तुला काहीच नाही का. जेवण होईपर्यंत मला ग्रुपमधून काढलेलं होतं. दुसऱ्या दिवशी माझं नाव उलटतपासणी पडलं होतं आणि माझ्या बाकावर मी एकटी होते. पुढे तो व्हिडिओ भलत्याच देशातला निघाला. शाळेने घरी बसवलेले सर परत आले, खाली मान घालून फळ्यावर सफरचंद काढायला लागले. मला ग्रुपमध्ये परत घ्यायचं मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही. मी खरी ठरले होते, त्याचा मला काडीचाही आनंद झाला नाही. मला रडूच येत होतं, आणि आईचा राग येत होता. तेव्हापासून तो प्रश्न मी मनात विचारते. मनातल्या मनात मी आजवर शेकडो साक्षीदार उलटतपासले असतील, आणि बाहेर मी म्हणते, नाही नाही, काही नाही.

ऑफिसात जिना चढताना अंगठ्यात ठणका सुरू झाला. नखाखाली निळं व्हायला लागलं होतं. जिन्यातच फोन काढून मी त्यालाच विचारलं, नख निळं पडलं तर काय करावं. बर्फ लावा, फोन म्हणाला. मग, कुणी बघत नाही असं पाहून, मी हेही विचारलं की मीटिंगमध्ये अवघड प्रश्न विचारावा का. प्रश्न विचारण्याचे अनेक फायदे आहेत, मात्र योग्य वेळ आणि योग्य शब्द निवडणंही महत्त्वाचं आहे. हो ला हो आणि नाही ला नाही. माझ्या आत्याचे यजमान असेच बोलायचे, घरात भांडण झालं की दोन्हीकडून जेवून यायचे. मी फोन पर्समध्ये टाकला आणि लंबूच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले. लंबू माझ्या शेजारी बसतो. वरच्या मजल्यावरच्या आम्हा पोरांत तो सगळ्यात हुशार, आणि त्याला ते माहीत असूनही तो चांगला आहे. पहिल्या दिवशी मी एकटी डबा उघडत होते तेव्हा त्याने खुर्ची सरकवत आणली आणि काही न विचारता माझ्या डब्यातलं उचलून खाल्लं. तेव्हापासून आमचा घोळका एकत्र जेवतो. शाळेनंतर पहिल्यांदा मला घोळका मिळाला होता. मी त्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, "मागच्या दाराने कुणी चढलं तर शहाणा काय करतो रे?" स्क्रीनवरून नजर न हटवता लंबू म्हणाला, "मोजतच नाही. तो माझा नियम आहे ना." मग त्याने खुर्ची वळवली, कारण त्या नियमाबद्दल बोलायला त्याला आवडतं. गर्दीच्या बसमध्ये मागच्या दारातली माणसं दुसऱ्यांना वाट द्यायला खाली उतरतात आणि पुन्हा चढतात. पूर्वी तीच माणसं पुन्हा पुन्हा मोजली जायची. पुढून चढा, मागून उतरा, असा नियम बसवर लिहिलेलाच आहे. तेव्हा मागच्या दाराने आत येणारं जे काही असेल ते चूक धरून टाकून द्यायचं, हे लंबूने सुचवलं, आणि सगळे आकडे एका फटक्यात सुधारले. त्या दिवशी ऑफिसात केक कापला होता, मॅडमनी लंबूला स्वतः भरवला होता. "का गं?" लंबूने विचारलं. मी म्हटलं, "काही नाही."

मॅडमच्या खोलीत थंडगार होतं. अंगठा आता स्वतंत्र जीव असल्यासारखा उडत होता. मी टेबलाखाली चप्पल काढून पाय गार फरशीवर ठेवला. मॅडम टोकाला, त्यांच्या उजव्या हाताला साहेब. साहेब निवृत्तीला आलेत आणि तरुण पिढीवर त्यांचा कायमचा राग आहे. "तुम्हा पोरांना डोकं चालवायचा कंटाळा. जेवलात का विचारलं तरी फोनमध्ये बघून सांगाल," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. शहाण्याला ऑफिसात आणायचा हट्ट साहेबांचाच होता, हे ते विसरलेत. भिंतीवर मोठा नकाशा उमटला आणि त्यात माझा लाल ठिपका. नीट गोल, सुबक. काल तो काढताना मला छान वाटलं होतं. मॅडम म्हणाल्या, "हा बंद. कुणाला काही विचारायचंय?" कुणाला काही विचारायचं नव्हतं. समोर लंबू पेनाचं टोपण दातात धरून बसला होता. मी त्याच्याकडे पाहिलं आणि मला आमच्या जेवणाचं टेबल दिसलं, त्यावरची माझी रिकामी खुर्ची दिसली, मग शाळेतला बाक दिसला. गप्प बसले तर खुर्ची माझीच राहील. कुणाला कळणारही नाही, कारण बसायला जागा शोधत फळीवरून चढणारी ती बाई मॅडमच्या खोलीपर्यंत येणार नाही, तिला पुढच्या थांब्यापर्यंतसुद्धा चालता येत नाही. उद्या ती मागच्या फाटकातून बाहेर येईल, कुबडी टेकून उभी राहील, आणि बस नव्या रस्त्याने निघून गेलेली असेल. आणि शहाणा सांगेल की तिथे कुणीच उभं नव्हतं. मला भीती वाटत होती. खरंच सांगते, खूप वाटत होती, आणि मॅडम पुढच्या नकाशाकडे वळल्याही होत्या.

"हे पाहिलंय, ऐकलंय की वाटतंय?"

आवाज माझाच होता, पण चाल आईची होती, भाजी वाढतानाची. कुणीतरी फिसकन हसलं. मॅडम म्हणाल्या, "काय?" मी म्हटलं, "तिथे कुणी चढत नाही, हे आपल्यापैकी कुणी पाहिलंय का?" साहेब म्हणाले, "अगं, शहाणा सांगतोय ना? मोजून सांगतोय. संपला विषय." आणि माझी भीती गेली. कशी गेली ते मला आजही सांगता येणार नाही. समोर साक्षीदार पिंजऱ्यात उभा होता आणि त्याला पुढचा प्रश्न कुठला विचारायचा ते मला माहीत होतं, एवढंच. "हो, पण कुठे उभं राहून मोजलं त्यानं?" मी म्हटलं. "पुढच्या दारात उभं राहून. त्या थांब्यावरची माणसं मागून चढतात. त्यांना पुढून चढताच येत नाही, पायरी आहे. फळी मागे आहे. आणि मागून जो चढतो त्याला आपण माणूस धरतच नाही." लंबूच्या तोंडातलं टोपण टेबलावर पडलं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मी पाहिल्या आणि मला फार वाईट वाटलं, पण थांबावंसं वाटलं नाही. मॅडमनी चष्मा काढला. "तू पाहिलंस?" "पाहिलं. आज सकाळी." "किती वेळा?" "एकदाच." साहेब म्हणाले, "झालं! एकदा पाहिलं म्हणजे काय सिद्ध झालं?" मी म्हटलं, "काहीच नाही, साहेब. म्हणून तर म्हणते, तुम्ही पण चला."

आम्ही बसने गेलो. मॅडमनीच तसं ठरवलं, आणि बसमध्ये कार्ड कुठे लावायचं ते साहेबांना माहीत नव्हतं हे सगळ्यांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. लंबू माझ्याशी बोलला नाही. तो खिडकीशी बसला आणि मी त्याच्या मागच्या सीटवर, त्याच्या मानेकडे बघत. ही मैत्री हरवायची असेल तर हरवू दे, असं मी मनाला सांगत होते, आणि मन ऐकत नव्हतं. फाटकाशी पत्र्याचं छप्पर आणि एक बाक होता. उन्हात पत्रा तापला होता. व्यायाम संपवून माणसं एकेक करत येत होती, घामेजलेली, आपापला हात किंवा पाय नवाच असल्यासारखा जपत. त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि आम्हालाही कुठेतरी दुखत असणार असं धरून बाकावर सरकून जागा केली. माझा अंगठा होताच, मी बसले. मग बस आली. पुढचं दार उघडलं, मागचं दार उघडलं, ड्रायव्हर उतरला आणि त्याने मागची फळी खाली टाकली. आम्ही सगळे पुढच्या दाराकडे बघत उभे राहिलो. तिथून कुणीच चढलं नाही.

वॉकर घेऊन चालणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी लंबूला हटकलं, "अहो उंच, बघता काय? धरा की जरा." लंबूने एका हाताने त्यांचा वॉकर घेतला, दुसरा त्यांच्या काखेत घातला आणि त्यांना फळीवरून वर नेलं. वाकून, डोकं सांभाळत, तो त्या काळ्या बटणाच्या खालून आत गेला. स्वतःच्याच नियमाखालून. आणि नियमाप्रमाणे तो चढलाच नाही, तो तिथे नव्हताच. हे त्याच्याही त्याच क्षणी ध्यानात आलं, कारण आत गेल्यावर त्याने मान वर करून बटणाकडे पाहिलं, खाली उतरला, पुन्हा वर चढला, पुन्हा खाली उतरला. ड्रायव्हर ओरडला, "साहेब, चढायचंय की उतरायचंय ते एकदाचं ठरवा!" बाकावरचे सगळे हसले. आणि लंबू फळीच्या मधोमध उभा राहून ओरडला, "म्हणूनच! म्हणूनच!" त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "पुढच्या चौकापर्यंत चढलेल्यांपेक्षा उतरणारे जास्त यायचे! मला कळतच नव्हतं ही माणसं बसमध्ये आली कुठून. मी रोज त्यांना चूक म्हणून कापून टाकत होतो!" मग तो फळीवरून उडी मारून थेट माझ्यासमोर आला. आता हा काय बोलेल या भीतीने माझा जीव मुठीत. त्याने माझे दोन्ही खांदे धरून मला गदागदा हलवलं आणि म्हणाला, "अगं येडे, सकाळीच का नाही सांगितलंस? काही नाही, म्हणे!"

मॅडमनी शेवटची खुर्ची आत चढेपर्यंत वाट पाहिली. मग त्या म्हणाल्या, "थांबा राहील." आवाज नेहमीचाच होता, कागदावर सही करताना असतो तसा. साहेब रुमालाने मान पुसत म्हणाले, "मी तर आधीपासून म्हणत होतो, स्वतः डोकं चालवा," आणि त्यांना तसं मनापासून वाटतही असावं. मला हसू आवरेना. बस धूर न सोडता, आवाज न करता निघाली, मागच्या खिडकीतून त्या आजोबांनी लंबूला हात केला. माझा अंगठा ठणकत होता आणि मला तो जगातला सगळ्यात हुशार अंगठा वाटत होता. इतकं हलकं मला शाळेत शिरायच्या आधी कधीतरी वाटत असेल. जिंकणं म्हणजे काय ते मला पहिल्यांदा कळत होतं, खरं ठरणं आणि एकटं न पडणं, दोन्ही एकाच दुपारी. मी ऐटीत पाय पसरून बसले आणि म्हटलं, "बरं झालं बाई. एवढाच एक थांबा चुकला होता, तोही वाचला."

लंबू माझ्या शेजारी बाकावर बसला होता. त्याने फोनमध्ये नकाशा उघडला होता, आणि नकाशावर त्याचा नियम लागू झाल्यापासून आम्ही बंद केलेले थांबे लाल दिसत होते. सगळे माझ्याच रंगातले, नीट गोल, सुबक. त्यातला एक शाळेशी होता, एक बाजाराच्या मागे, एक कुठल्याशा उतारावर. त्याने मान वर केली. कानाच्या पाळ्या अजून लाल होत्या, पण डोळ्यांत खट्याळपणा होता.

"एवढाच एक," तो म्हणाला. "हे पाहिलंयस, ऐकलंयस की वाटतंय?"

मी त्याच्याकडे बघतच राहिले. इतकी वर्षं मला वाटत होतं की मला उत्तर देणारं कुणीतरी हवंय. मला तर उलट प्रश्न विचारणारं कुणीतरी हवं होतं. शाळेत असताना जेवणाच्या ताटावर बसून मी ज्याची वाट पाहत होते, तो हा इथे पत्र्याखाली घामाघूम होऊन बसला होता आणि माझ्या उत्तराची वाट पाहत होता. बाकावर नव्याने येऊन बसलेली माणसंसुद्धा माझ्याकडे बघायला लागली.

"वाटतंय," मी म्हटलं.

"मग ऊठ," लंबू म्हणाला. मी चप्पल पायात सरकवली आणि लंगडत त्याच्यामागून निघाले.